वर्दीला एक, कातडीला दुसरे

संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून दक्षिण सुदानला निघालेल्या पलटणीच्या सामानात रायफलीपासून पोळीच्या तव्यापर्यंत सगळे मोजून घेतलेले असते. कीटकनाशकाचे डबेही त्यात असतात. ते उघडायची आठवण मात्र तळावर पहिला पाऊस पडून गेल्यावर, बॅरेकीत रात्रभर अंग खाजवून झाल्यावर होते. तेव्हा उशीर झालेला असतो. डासांपासून बचावाच्या कामाचा मोठा भाग निघण्याआधी, इथल्या छावणीच्या मैदानावरच उरकायचा असतो. तो कसा, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी समोर कोण आहे ते पाहू. दक्षिण सुदानातले मलाकाल श्वेत नाईलच्या काठावर आहे. पावसाळ्यात, म्हणजे साधारण मे ते ऑक्टोबर, तिथल्या सपाट काळ्या जमिनीवर पाणी नुसते उभे राहते. मलेरिया पसरवणारे अॅनोफिलीस गॅम्बिए आणि अॅनोफिलीस फ्युनेस्टस हे आफ्रिकेतले दोन्ही डास रात्री, विशेषतः मध्यरात्रीनंतर, माणसाला शोधत येतात. त्यांच्याबरोबर येतो तो बहुतांशी फॅल्सिपॅरम, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा मलेरिया. तिथल्या प्रौढ माणसाला लहानपणापासून वारंवार ताप येऊन गेलेला असतो, त्यामुळे त्याच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती असते. साताऱ्याच्या किंवा बेळगावच्या जवानाच्या अंगात ती नसते. म्हणून "इथली माणसे उघड्यावर झोपतात, त्यांना काय होतंय?" हा युक्तिवाद तळावर कुणी केला तर त्याला तिथेच थांबवावे.

औषध नुसते जवळ असून भागत नाही, याचे एक उदाहरण. १९४३ साली ब्रह्मदेश आघाडीवर जखमी म्हणून मागे आणलेल्या एका सैनिकामागे आजारी म्हणून मागे आणलेले १२० सैनिक होते, अशी नोंद तिथल्या सैन्याचे नेतृत्व करणाऱ्या जनरल स्लिमने केली आहे. मराठ्यांची चौथी पलटण मार्च १९४४ मध्ये सांगशाकला लढली ती याच आघाडीवर. स्लिमने नवे औषध शोधले नाही. मलेरिया रोखणाऱ्या मेपाक्रिनच्या गोळ्या होत्याच, त्या जवान खरोखर गिळतात का हे पाहण्यासाठी त्याने अख्ख्या तुकड्यांची अचानक तपासणी सुरू केली. गोळी घेणारे ९५ टक्क्यांहून कमी निघाले की कमांडिंग ऑफिसरला पदावरून दूर करायचे. तिघांवर ही वेळ आली, मग गोळ्या वेळेवर पोटात जाऊ लागल्या.

उलट उदाहरणही आहे. २००३ साली लायबेरियात मोन्रोव्हियाला उतरलेल्या अमेरिकन मरीन सैनिकांपैकी सुमारे ८० जण थोड्याच दिवसांत मलेरियाने पडले. जगातल्या सर्वांत सुसज्ज सैन्याचे हे लोक. नंतरच्या चौकशीत दिसले की गोळ्या कित्येकांनी धड घेतल्या नव्हत्या, वर्दीला औषध लावलेले थोडेच होते आणि रात्री मच्छरदाणीत कुणीच झोपले नव्हते.

साहित्य

कापडासाठी पर्मेथ्रिन. शेवंतीच्या जातीच्या पायरेथ्रम फुलांतल्या द्रव्याच्या धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेले हे औषध धाग्याला धरून बसते. वाळलेल्या कापडाला वास येत नाही, आणि त्यावर बसलेला डास, गोचीड किंवा वालुकामाशी लुळी होऊन पडते. कातडीवर याचा काही उपयोग नाही, कारण कातडी ते लवकर मोडून टाकते.

कातडीसाठी डीट, पिकॅरिडिन किंवा ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेले डेपा. ही मलमे डासाला मारत नाहीत, त्याला माणसाचा माग लागू देत नाहीत. डीट मूळचे अमेरिकन लष्करासाठीच १९४६ मध्ये तयार झाले, नागरी बाजारात ते दहाएक वर्षांनी आले.

या दोन औषधांची कधीही अदलाबदल करू नये. वर्दीचे अंगाला लावायचे नाही, आणि अंगाचे लावले म्हणून वर्दीचे काम झाले असे समजायचे नाही.

याशिवाय दीर्घकाळ टिकणारी औषधी मच्छरदाणी दर माणशी एक, १०० मिलीलिटरचे मोजपात्र, लिटरच्या खुणा असलेली बादली, वजनकाटा, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, सुतळी, नायट्राइलचे हातमोजे, गॉगल, प्लास्टिकचा अॅप्रन, न पुसला जाणारा मार्कर आणि एक वही. वही विसरू नका. तिच्याशिवाय तीन महिन्यांनी कुणाची वर्दी कधी बुडवली होती हे देवालाही सांगता येणार नाही.

पर्मेथ्रिन घेताना डब्यावर 'कापडासाठी' असे स्पष्ट लिहिलेले पाहा. कृषी सेवा केंद्रात मिळणारे त्याच नावाचे पिकांवरचे औषध चालणार नाही. त्यातले द्रावक अंगाला चिकटून असणाऱ्या कापडासाठी बनवलेले नसतात. आपल्याकडच्या प्रत्येक कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, लाल सर्वांत जहाल. हे विदर्भातल्या जवानाला समजावायची गरज पडू नये. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते सगळ्यांनी वाचले आहे.

जास्त म्हणजे चांगले नव्हे

कृती सुरू करण्यापूर्वी १९९१ च्या आखाती युद्धाबद्दल थोडे. वाळवंटात माश्या आणि चिलटांनी हैराण झालेल्या अमेरिकन सैनिकांनी जे हाताला लागेल ते वापरले. तंबूत विषारी पट्ट्या टांगल्या, माश्यांसाठी विषारी आमिषे पसरली, अंगावर वाटेल तेवढे मलम चोपडले, आणि काहींनी तर कुत्र्यांच्या गळ्यात घालायचे पिसवांचे पट्टे स्वतःच्या पायाला बांधले. परत आल्यावर हजारो सैनिकांना थकवा, सांधेदुखी, विस्मरण अशा तक्रारी सुरू झाल्या. त्यांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन सरकारी समितीने २००८ मध्ये निष्कर्ष काढला की कीटकनाशके आणि विषारी वायूपासून बचावासाठी दिलेल्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या यांचा या आजाराशी कार्यकारण संबंध आहे.

दुसऱ्या बाजूला, पर्मेथ्रिन लावलेल्या वर्दीचा स्वतंत्र विचार अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ मध्ये केला. ठरलेल्या मात्रेत ती घालणाऱ्याला अपाय होण्याची शक्यता कमी, असे तिचे मत पडले. त्या निष्कर्षातले सगळे वजन 'ठरलेल्या मात्रेत' या शब्दांवर आहे. म्हणून पुढच्या भागात मापांवर मी इतका वेळ घालवतो आहे. "अंदाजे दोन झाकणं टाक" असे म्हणणारा माणूस या कामावर ठेवू नका, मग तो कितीही जुना असो.

माप काढणे

वर्दीसाठी रूढ मात्रा चौरस सेंटीमीटरला ०.१२५ मिलिग्रॅम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाला १.२५ ग्रॅम पर्मेथ्रिन. आता दोन गोष्टी शोधायच्या: एका जोडीत कापड किती, आणि ती जोडी पाणी किती पिते.

कापडाचे क्षेत्रफळ पलटणीच्या शिंप्याला विचारा, तो तोंडी सांगेल. बाह्या, खिसे, दुहेरी गुडघे धरून सांगायला लावा. समजा उत्तर ३ चौरस मीटर आले. मग एका जोडीला लागणारे पर्मेथ्रिन ३ गुणिले १.२५, म्हणजे ३.७५ ग्रॅम.

पाण्यासाठी एक जोडी कोरडी तोला. साध्या पाण्यात पूर्ण भिजवा, पिळा, ठिबकणे थांबले की पुन्हा तोला. वजनात जितक्या ग्रॅमची वाढ झाली तितके मिलीलिटर पाणी कापडाने धरले. समजा १,२०० ग्रॅम वाढले. ही तपासणी तीन वेगवेगळ्या मापांच्या जोड्यांवर करा. सहा फुटी पंजाब्याची वर्दी आणि साडेपाच फुटी मावळ्याची वर्दी सारखे पाणी पीत नाहीत, त्यांचे कापडही सारखे नसते. लहान, मध्यम, मोठी असे तीन गट करून प्रत्येकाचा आकडा वहीत लिहावा.

आता डब्यावरचे प्रमाण पाहा. औषध १० टक्क्यांचे, म्हणजे १०० मिलीलिटरमध्ये १० ग्रॅम असेल, तर ३.७५ ग्रॅमसाठी ३७.५ मिलीलिटर लागेल. ते पाण्यात मिसळून एकूण १,२०० मिलीलिटर करायचे. कापड सगळे द्रावण पिऊन टाकते, त्यामुळे मात्रा जिथे जायची तिथे जाते आणि ओतून टाकायला काही उरत नाही. शंभर जोड्यांना औषध लागेल पावणेचार लिटर. डबा २५ किंवा ४० टक्क्यांचा असेल तर हा हिशोब नव्याने करा, आणि तो दोन माणसांनी वेगवेगळा करावा. दोघांची उत्तरे जुळल्याशिवाय झाकण उघडायचे नाही.

वर्दी भिजवणे

वर्दी आधी धुऊन घ्या. खळ, इस्त्री, सुगंधी पाणी काही नको. तेल किंवा खळ बसलेल्या जागी औषध धरत नाही. पूर्ण वाळू द्या, कारण ओली वर्दी मोजल्याइतके द्रावण पिणार नाही आणि सगळे गणित फसेल. फक्त बाहेरचा सदरा आणि पँट. बनियन, चड्डी, टोपीचे अस्तर आणि तोंड पुसायचा रुमाल यांना औषध लावायचे नाही. आगरोधक कापडाच्या वर्दीला, म्हणजे रणगाड्यातल्या किंवा हेलिकॉप्टरमधल्या माणसांच्या, बनवणाऱ्याने लेखी परवानगी दिली असेल तरच हात लावा.

जागा उघडी, सावलीची, कुकहाऊस आणि विहिरीपासून लांब. वारा फार नको. चार माणसे पुरतात: एक मोजतो, एक पिशवी धरतो, एक मळतो, एक वहीत लिहितो. मोजणारा आणि मळणारा दोघांनी हातमोजे, गॉगल, अॅप्रन घालायचाच. काम चालू असताना विडी, तंबाखू, चहा बंद. तंबाखू मळायला हातमोजा काढणारा हात आधी औषधात गेलेला असतो, आणि मळलेली चिमूट सरळ ओठात जाते.

सदरा जमिनीवर पसरा, बाह्या आत घ्या, लांबट गुंडाळी करा, मध्ये सुतळी सैल बांधा आणि पिशवीत घाला. पँटची दुसरी गुंडाळी त्याच पिशवीत जाते. बादलीत आधी निम्मे पाणी, मग मोजलेले औषध, मग उरलेले पाणी. मिश्रण दुधासारखे पांढरट दिसले की नीट मिसळले असे समजा, वर तेलाचा तवंग दिसत असेल तर ढवळत राहा. एका जोडीचे द्रावण पिशवीत ओता, हवा काढून तोंड घट्ट बांधा आणि पिशवी बाहेरून दोन-तीन मिनिटे मळा, उलटी करा, पुन्हा मळा. मग अडीच तास राहू द्या. मधून मधून पिशवी पालटत राहिले तर काखेचे आणि गुडघ्याचे भाग कोरडे राहत नाहीत.

एकाच मोठ्या टाकीत शंभर वर्द्या बुडवून काढण्याची पद्धतही आहे. ती झटपट होते, पण कुणाच्या वाट्याला किती आले हे सांगता येत नाही, आणि शेवटी टाकीत उरलेल्या द्रावणाचे काय करायचे हा प्रश्न पडतो. पिशवीची रीत वेळखाऊ आहे. मी तरी पिशवीच निवडेन.

अडीच तासांनी काढलेली वर्दी लगेच दोरीवर टांगू नका. ओली टांगली की द्रावण ओघळून खालच्या काठाला साठते, पाय विषारी आणि खांदे कोरडे. आधी प्लास्टिकच्या कापडावर सावलीत आडवी पसरा, पालटा, दमट झाली की मग टांगा. पूर्ण वाळेपर्यंत अंगात घालायची नाही. वाळल्यावर कॉलरच्या आतल्या पट्टीवर मार्करने तारीख लिहा आणि शेजारी धुण्यांच्या खुणांसाठी जागा सोडा.

दर धुण्याला तिथे एक रेघ. ड्रायक्लीनिंग औषध काढून टाकते, म्हणून पूर्ण वर्ज्य. ब्लीचही नको. हाती भिजवलेली वर्दी किती धुण्यांपर्यंत टिकते हे औषधाच्या डब्यावर लिहिलेले असते, त्याच आकड्यावर चाला. अमेरिकन सैन्याच्या भिजवण्याच्या किटवर पन्नास धुणी सांगतात, पण ०.५ टक्क्याच्या हातफवाऱ्याने मारलेले औषध सहा धुण्यांत किंवा सहा आठवड्यांत संपते. हातफवारा म्हणूनच फक्त अडीअडचणीला, उदाहरणार्थ नवा जवान मागाहून येऊन मिळाला आणि भिजवायला वेळ नाही तेव्हा. त्यातही वर्दी अंगावर असताना फवारायची नाही. काढून, टांगून, दोन्ही बाजूंनी.

आणि तळावर मांजर पाळले असेल तर ओल्या वर्द्यांपासून लांब ठेवा. मांजराच्या यकृताला पर्मेथ्रिन पचवता येत नाही, ते तडफडून मरते. श्वानपथकातल्या कुत्र्यांना तो त्रास नाही.

मच्छरदाणी

इथे काम सोपे झाले आहे. पूर्वी प्रत्येक मच्छरदाणी दर सहा महिन्यांनी डेल्टामेथ्रिनमध्ये बुडवावी लागे. आता कारखान्यातच धाग्यात औषध घातलेल्या दीर्घकाळ टिकणाऱ्या मच्छरदाण्या मिळतात आणि त्या साधारण वीस धुणी किंवा तीन वर्षे चालतात. त्याच घ्या. पिशवीतून काढल्यावर एक दिवस सावलीत उघडी टांगून ठेवा, मग वापरा. नाहीतर पहिल्या रात्री डोळे चुरचुरतात आणि जवान कायमचा वैतागतो. धुताना साधा साबण, थंड पाणी, उन्हात वाळवणे नाही. धुण्याचे पाणी नाईलमध्ये किंवा कुठल्याही वाहत्या पाण्यात सोडू नका, या गटातली सगळी औषधे माशांना फार विषारी आहेत.

मच्छरदाणी टांगण्यात खरी गफलत होते. कंटेनरच्या बॅरेकीत हुक नसतात, तंबूत खांब हव्या त्या जागी नसतात, मग जवान एक कोपरा खिळ्याला आणि एक रायफलीला बांधतो. निघण्यापूर्वी प्रत्येक खाटेला चार हलक्या काठ्या द्या, खाटेच्या पायांना बांधता येतील अशा. कडा गादीखाली सगळीकडून दाबलेली हवी. जाळी अंगाला टेकता कामा नये. टेकलेल्या जाळीतून चावणारा डास औषधाने मरतो खरा, पण मरण्याआधी तो चावलेला असू शकतो. लहान भोके औषधी मच्छरदाणीत चालून जातात, हात जाईल एवढे भोक मात्र त्याच दिवशी शिवा.

वालुकामाशी डासापेक्षा खूप लहान, दोन-तीन मिलीमीटरची. साध्या जाळीतून ती सहज आत येते. २००३ नंतर इराकमध्ये शेकडो अमेरिकन सैनिकांना तिच्या चाव्यातून कातडीचा लेशमानियासिस झाला, त्याच्या जखमा महिनोन् महिने भरत नाहीत. तिला अडवते ते जाळीवरचे औषध.

सगळ्यांत उघडा पडतो रात्रपाळीचा संत्री. ज्या वेळी डास सर्वांत जास्त चावतात, त्याच वेळी तो मच्छरदाणीबाहेर दोन तास उभा असतो. त्याच्यासाठी औषधी वर्दी आणि मलम एवढेच आहे. मलमाचा साठा कमी पडला, तर आधी त्याला द्या, ऑफिसरांच्या मेसला नंतर.

मलम

सूर्य मावळायच्या आधी लावा. उघडी राहणारी कातडी म्हणजे चेहरा, कान, मान, हातांचे पंजे, एवढीच. वर्दीखाली लावायचे नाही. उन्हापासून बचावाचे क्रीमही वापरत असाल तर ते आधी, मलम नंतर. तळहातावर घेऊन चेहऱ्याला लावा, चेहऱ्यावर फवारू नका. डोळे, ओठ, जखम, खरजेचे ओरखडे टाळा. कान आणि मानेची मागची बाजू राहून जाते, तिथेच चावे जास्त निघतात.

डीटचे प्रमाण २० ते ५० टक्के असले की पुरे. पन्नासच्या पुढे संरक्षण फारसे वाढत नाही, कातडीला त्रास मात्र वाढतो. घाम जास्त येत असेल तर मध्यरात्री पुन्हा लावा. आत आल्यावर हात-तोंड साबणाने धुवा. एक व्यावहारिक गोष्ट: डीट प्लास्टिक विरघळवते. घड्याळाची काच, चष्म्याची फ्रेम, रात्रदुर्बिणीची रबरी कडा आणि रायफलीचे प्लास्टिकचे भाग यांना मलमाचे हात लागू देऊ नका. रायफल खराब झालेली क्वार्टरमास्टरला समजावून सांगणे डासापेक्षा अवघड असते.

तळावर

भिंतींवर राहणारे औषध फवारायचे तर पंपाचा नळ भिंतीपासून ४५ सेंटीमीटर, वरून खाली ७५ सेंटीमीटर रुंदीचा पट्टा, शेजारच्या पट्ट्यावर ५ सेंटीमीटर चढवून. चौरस मीटरला ४० मिलीलिटर द्रावण बसले पाहिजे, भिंतीवरून ओघळ दिसला तर जास्त झाले. आफ्रिकेत अनेक भागांत डास पर्मेथ्रिनच्या गटातल्या औषधांना निर्ढावले आहेत. वर्दीवर आणि जाळीवर तोच गट असल्याने भिंतीवर वेगळ्या गटाचे औषध निवडावे. पिरिमिफॉस-मिथाइल त्यातले एक. फवारणीआधी खाटा, भांडी, खाण्याचे सामान बाहेर. फवारणी करणाऱ्याने पूर्ण पोशाख घातलेला असावा, मग उकाडा असो की नसो.

धुराच्या यंत्राबद्दल थोडक्यात. आपल्या नगरपालिकांनी धूरगाडीला जो मान दिला आहे, त्याची नक्कल तळावर करू नये. धूर उडणाऱ्या डासाला लागला तरच मारतो, त्याचा परिणाम तासाभरात ओसरतो, आणि भर दुपारी सोडला तर अॅनोफिलीसचे काही बिघडत नाही, तो कुठेतरी सावलीत झोपलेला असतो. साथ पसरली, तर संध्याकाळी वारा मंद असताना धूर करा. एरवी ते पाहुण्यांना दाखवायचे काम आहे.

पाण्याकडे मात्र कंजूषपणा न करता लक्ष द्या. गॅम्बिए मोठ्या दलदलीपेक्षा उन्हात तापणाऱ्या छोट्या, तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालतो: गाडीच्या चाकोऱ्या, गुरांच्या खुरांचे ठसे, वाळूच्या पोत्यांसाठी खणलेले खड्डे. यातले निम्मे आपणच तयार केलेले असतात. बुलडोझर आणि फावडे ही इथली खरी औषधे. जे बुजवता येत नाही त्यात आठवड्यातून एकदा अळीनाशक, टेमेफॉस किंवा बीटीआय, डब्यावरच्या मात्रेने. अंड्यापासून डास व्हायला तिथल्या उष्णतेत आठवडा-दीड आठवडा लागतो, म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून टाका आणि तो चुकवू नका. नाईलची दलदल तशीच राहील, तिच्यात औषध ओतायला जाऊ नये.

संध्याकाळची हजेरी

सूर्यास्ताला सेक्शन कमांडरने आपल्या दहा जणांसमोर उभे राहून पाहायचे: बाही मनगटापर्यंत खाली, कॉलर वर, पँट बुटात खोचलेली, मलम लावलेले, कॉलरच्या पट्टीवर किती रेघा झाल्या. आणि प्रतिबंधक गोळी डोळ्यांसमोर गिळलेली. कीटकनाशक कितीही नीट वापरले तरी ते गोळीची जागा घेत नाही. "लई उकडतंय साहेब, बाही थोडी वर करू का?" याला उत्तर एकच, आणि ते सुभेदार साहेबांनीही बाही खाली ठेवून द्यायचे. सुभेदार साहेब बाह्या दुमडून फिरत असतील तर बाकीचे सांगणे सोडून द्यावे.

पंधरा दिवसांनी प्लॅटूनमध्ये किती जणांना ताप आला आणि त्यांच्या वर्दीवर किती रेघा होत्या हे वहीत शेजारी शेजारी लिहा. कुठे चूक होते आहे ते त्या पानावर दिसते.

औषध अंगावर गेले तर

पर्मेथ्रिनचे द्रावण कातडीवर सांडले तर काही वेळाने झिणझिण्या, जळजळ होते, विशेषतः चेहऱ्यावर. साबण-पाण्याने भरपूर धुवा, चोळू नका, ओले कपडे बदला. हा त्रास बहुधा एका दिवसात जातो. डोळ्यात गेले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याचा संथ प्रवाह सोडा आणि डॉक्टरकडे न्या. कुणी प्यायले असेल तर ओकारी काढायची नाही, त्यातले द्रावक फुप्फुसात जाऊन जास्त नुकसान करते. डबा सोबत घेऊन पलटणीच्या डॉक्टरकडे धाव घ्या, डब्यावरचे नाव आणि प्रमाण वाचून पुढचे ठरते. पिरिमिफॉससारख्या औषधाने जवानाला घाम सुटला, लाळ गळू लागली, बाहुली बारीक झाली तर ती निराळी, जास्त धोक्याची गोष्ट आहे. तिथे मिनिटे मोजायची असतात.

रिकामे डबे पाणी भरायला, तेल ठेवायला, गावकऱ्यांना द्यायला अजिबात नाहीत. तीन वेळा खळबळून तेच पाणी पुढच्या द्रावणात वापरा, मग डब्याला भोके पाडून तळाच्या कचराव्यवस्थेतून नष्ट करा. उरलेले औषध कुलपात, वहीतल्या नोंदींचा उतारा पुढच्या तुकडीच्या हवाली करून सही घ्या.

परत येताना

दक्षिण सुदानहून आपल्याकडे येणाऱ्या विमानात डास मारण्यासाठी फवारा मारतात. पीतज्वराचा विषाणू आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आहे, म्हणून ही काळजी, आणि म्हणूनच पीतज्वराच्या लसीचा दाखला जवळ हवा. वर्द्या घरी आणून लहान मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. जुन्या झालेल्या औषधी वर्दीचे फडके किंवा दुपटे करू नका.

डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन घेत असाल तर गोळ्या परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायच्या. गावी रजेवर गेल्यावर जवान पहिली गोष्ट बंद करतो ती हीच. त्यानंतर काही महिन्यांत ताप आला, तर गावातल्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की आपण आफ्रिकेहून आलो आहोत, आणि रक्ताची मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून मागा. एकदा नकारात्मक आली आणि ताप चालूच राहिला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.